पिल्लांच्या अंगाखालचं तूस

(दृश्य : नवापूर तालुक्यातली भातगिरणी. मागच्या अंगाला तुसाचा ढीग.)

कोंबडीचं एक दिवसाचं पिल्लू पहिला आठवडा लिटरवरच, म्हणजे शेडच्या फरशीवर पसरलेल्या तूस-भुशाच्या थरावरच काढतं. तिथेच झोपतं, तिथेच हगतं आणि समोर दिसेल त्यावर चोच मारतं. म्हणून लिटर घेताना भावाच्या आधी तीन गोष्टी बघायच्या : ते कोरडं आहे का, पायाला धरतं का, आणि पोटात गेलं तर काय होईल.

नवापूर पट्ट्यात भात पिकतो, त्यामुळे तिथं भाताचं तूस सहज मिळतं. पण सगळं तूस सारखं नसतं. जुन्या हलर गिरणीत तूस आणि कोंडा एकत्रच बाहेर पडतो. कोंड्यात तेल असतं. तो ओल धरतो, खवट होतो, उंदीर ओढतो, आणि पिल्लं खाद्य सोडून तोच टिपत बसतात. शेलर गिरणीचं तूस वेगळं निघतं, चुरचुरीत. मूठभर घेऊन सोडलं तर तळहाताला पीठ लागत नाही. थोडे पैसे जास्त गेले तरी हेच घ्यावं.

धुळे-जळगावकडे तूस लांबून आणावं लागतं. मग भुईमुगाची टरफलं, लाकडाचा भुसा, कापसाच्या जिनिंगचा कचरा असं काहीबाही पुढे येतं. टरफलं चालतात, पण ती एकदा भिजली की त्यांच्यावर अ‍ॅस्परजिलस बुरशी वाढते. तिचे बीजाणू श्वासावाटे पिल्लाच्या फुप्फुसात बसतात. पिल्लू मान ताणून, चोच उघडून धापा टाकतं, पण सर्दीसारखी घरघर सहसा ऐकू येत नाही. मेलेलं पिल्लू उघडून पाहिलं तर फुप्फुसावर बारीक पिवळट गाठी दिसतात. आजार एकदा दिसू लागला की औषधाचा फारसा उपयोग होत नाही. टरफलाला कोंदट वास आला किंवा काळपट थर दिसला, तर पोतं दारातूनच परत करा. ऊन दाखवून ओल जाते, बीजाणू राहतातच.

सॉ मिलचा बारीक भुसा पिल्लं खातात आणि त्यांची अन्नपिशवी तुंबते. रंध्याखाली निघणारी जाडसर सालपटं चांगली, मात्र प्लायवूडची किंवा रंग-पॉलिश केलेल्या लाकडाची नकोत. जिनिंगचा कचरा तर नकोच. त्यातले रुईचे तंतू पायांना गुंडाळतात आणि पोटात गेले की गोळा होतो.

(दृश्य : रिकामं शेड. फरशी धुऊन, चुना मारून वाळलेली. चिक गार्डच्या, म्हणजे पिल्लांभोवतीच्या गोल कड्याच्या आत तूस पसरलं जातंय.)

पहिल्या आठवड्यात एका पिल्लाला साधारण अर्धा चौरस फूट जागा धरा. १०० पिल्लांना ५० चौरस फूट, म्हणजे आठ फूट व्यासाचं गोल कडं. दोन इंच थराला तूस लागतं सुमारे २५ किलो. धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा थर तीन इंच हवा. पिल्लं यायच्या आदल्या दिवशीच ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारं उपकरण) चालू करा, कारण हवा लवकर तापते, लिटर उशिरा. आलेल्या पिल्लाचा पाय आपल्या गालाला लावून पाहा. पाय गार लागला तर लिटर गार आहे, थर्मामीटर काहीही म्हणो.

पहिले दोन-तीन दिवस तुसावर कागद अंथरा, म्हणजे पिल्लं तूस न खाता खाद्य ओळखायला शिकतात. कागद खरबरीत हवा. गुळगुळीत कागदावर पाय घसरून दोन्ही बाजूंना फाकतात, आणि फाकलेला पाय पुढे सरळ होणं अवघड असतं. घाण झालेला कागद रोज काढत जा.

त्यानंतरची रोजची तपासणी मुठीत आहे. लिटर मुठीत घट्ट दाबून मूठ उघडा. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त. हलकासा धरून लगेच फुटला तर योग्य. धरलंच नाही आणि धूळ उडाली तर फार कोरडं. योग्य ओल २० ते २५ टक्के. एप्रिल-मेमध्ये खान्देशात अडचण धुळीची असते, पावसाळ्यात चिकट थराची. ड्रिंकरभोवती (पिल्लांच्या पाण्याच्या भांड्याभोवती) ओलं झालेलं लिटर रोज फावड्यानं उचलून तिथं नवं तूस टाका. ड्रिंकरची कड पिल्लाच्या पाठीच्या उंचीला ठेवली तर सांडणं कमी होतं. रक्ती हगवणीच्या जंतूंना ऊब, हवा आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत ते लागण करण्याजोगे होतात. ऊब आणि हवा आपण काढून घेऊ शकत नाही, ओल काढू शकतो.

डोळ्यांना झोंबेल इतका अमोनिया आपल्याला जाणवतो, तोवर जमिनीलगतच्या पिल्लांना त्रास सुरू झालेला असतो. म्हणून दिवसातून एकदा खाली बसून, पिल्लांच्या उंचीवरून वास घ्या.

देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ च्या फेब्रुवारीत नवापुरातच आढळला, आणि २०२१ मध्ये तो तिथं पुन्हा आला. विष्ठा लागलेलं बारदान, फावडं, गाडीचं चाक यांतूनही रोग एका फार्मवरून दुसऱ्यावर जातो. तूस नव्या किंवा स्वतःच्याच बारदानात आणा. दुसऱ्याच्या शेडमधलं उरलेलं तूस फुकट मिळालं तरी घेऊ नका, आणि पिल्लांच्या नव्या बॅचला आपलंही जुनं लिटर वापरू नका.

ते जुनं लिटर शेडपासून लांब ढीग करून, झाकून, नीट कुजू द्या. कच्चंच केळीच्या बुंध्याला टाकलं तर मुळं पोळतात.