तीस फूट

हा दक्षिण लॉस एंजेलिसमधला युनिव्हर्सिटी पार्क. कष्टकरी, बहुतांश लॅटिनो वस्ती. समोरच्या भिंतीमागे तेलविहिरी होत्या. आणि भिंतीच्या अलीकडे, जेमतेम ३० फुटांवर, नायेली कोबोचं घर. आई मेक्सिकोची, वडील कोलंबियाचे.

या शहराच्या पोटात तेल आहे, हे १८९२ पासून ठाऊक आहे. श्रीमंत वस्त्यांतही विहिरी आहेत, पण तिथली भिंत जरा जास्त उंच असते. २००९ मध्ये अ‍ॅलनको कंपनीने इथल्या विहिरी ताब्यात घेतल्या आणि उत्पादन कितीतरी वाढवलं. जमीन कुणाची? कॅथलिक चर्चची.

पुढच्याच वर्षी नऊ वर्षांच्या नायेलीचा वरचेवर घोळणा फुटायला लागला. डोकं दुखायचं, छातीत धडधडायचं, दम लागायचा. हवेला कधी सडक्या अंड्यांचा वास, कधी पेरूचा, कधी चॉकलेटचा. सडक्या अंड्यांचं एक वेळ समजू शकतं. तेलविहिरीपाशी पेरू कुठून आला?

आई मोनिक उरियार्ते शेजारणींशी बोलल्या, तेव्हा कळलं की घरोघरी हीच रड आहे. त्यातून ‘पीपल नॉट पोझोस’ ही मोहीम उभी राहिली. माणसं हवीत, विहिरी नकोत. बायका दारोदार फिरल्या, तक्रारींचा ढीग लागला. नायेलीही सभांमध्ये बोलायला उभी राहू लागली. धोरण म्हणजे काय हे ती कॉलेजात शिकली नाही. समोर बसलेल्या अधिकाऱ्यांना आपलं दुखणं सांगता सांगता शिकली.

२०१३ मध्ये केंद्राच्या पर्यावरण संस्थेचे अधिकारी पाहणीला आले. थोड्याच वेळात त्यांचेच घसे धरले, डोकी दुखायला लागली. नोव्हेंबरमध्ये उत्पादन थांबलं. पोरांचं रक्त तीन वर्षं सांगत होतं, ते साहेबांच्या घशाने एका भेटीत पटवून दिलं.

काम थांबलं, पण जागा कायमची बंद झाली नव्हती. मग २०१५ मध्ये नायेली आणि तिच्यासारखी तरुण मुलं थेट शहराच्या प्रशासनाविरुद्धच कोर्टात गेली. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांत विहिरींना परवानगी देताना शहर डोळे मिटून घेतं, हा त्यांचा आरोप. २०१६ मध्ये तडजोड झाली आणि परवानगीचे नियम कडक झाले.

मार्च २०२० मध्ये ही जागा कायमची बंद झाली. त्याच्या दोनच महिने आधी, एकोणिसाव्या वर्षी, नायेलीला कर्करोगाचं निदान झालं होतं. त्याचं खापर या विहिरींवर फोडायला आपल्याकडे पुरावा नाही. जानेवारी २०२१ मध्ये ती त्यातून बरी झाली. २०२२ मध्ये तिला गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा केला: घरं, शाळा, दवाखाने यांच्यापासून ३,२०० फुटांच्या आत नवी विहीर नाही. तेल कंपन्यांनी सह्या गोळा करून तो सार्वमताच्या फेऱ्यात अडकवला. जून २०२४ मध्ये माघार घेतली. लॉस एंजेलिसनेही डिसेंबर २०२२ मध्ये नव्या विहिरींवर बंदी घातली आणि जुन्या बंद करायला वीस वर्षांची मुदत दिली. वीस वर्षं! तीही टिकली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला, की हा अधिकार शहराचा नाही, राज्याचा. त्याच महिन्यात राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी दुसऱ्या एका कायद्यावर सही केली आणि तो अधिकार शहरांच्या हाती दिला.