झवेरी बाजारच्या गटारातली खाण

(निवेदन, फायनल एडिटप्रमाणे)

[पहाट, बंद शटर, ब्रशचा आवाज]

पहाटेचे पावणेचार वाजलेत. मागे मुंबादेवी, समोर झवेरी बाजार, सगळी शटरं खाली, दोन कुत्री आणि एक चहावाला सोडला तर गल्लीत कोणी नाही. आणि हा माणूस उकिडवा बसून रस्ता झाडतोय. पण हे महापालिकेचं झाडणं नाही, हात बघा, दात घासावेत तसा फरशीच्या एकेका फटीतनं ब्रश फिरतोय, फटीतली काळी माती बाहेर काढायची, पत्र्याच्या सुपलीत ओढायची, घमेल्यात टाकायची आणि पुढची फट.

ह्यांना आम्ही मामा म्हणतो. मूळचे हुपरीकडचे, चांदीचं गाव, तिथनं वडील मुंबईत आले आणि हाच धंदा केला. मराठीत ह्या धंद्याला जुना शब्द आहे, झारेकरी. बाजारात कोणी न्यारीवाले म्हणतं, कोणी धूळधोये. सोनाराच्या कारखान्यातली धूळ, राख, झाडलोट, गटारातला गाळ, हे सगळं धुऊन त्यातलं सोनं-चांदी काढायचं.

आम्ही खरं तर सोन्याच्या खाणीवर व्हिडिओ करणार होतो, कर्नाटकातलं कोलार, हुट्टी, असं काहीतरी भारदस्त. मग लक्षात आलं की खाणीचं सगळं शास्त्र इथं काळबादेवीत, साडेतीन फुटांच्या गल्लीत, रोज चालू आहे.

[गिल्बर्ट हिल, खालून वर]

आता आधी हे बघून घ्या, कारण लोक विचारतातच की मुंबईच्या खडकात सोनं आहे का. हे अंधेरीचं गिल्बर्ट हिल. उभे सरळसोट खांब, साधारण ६१ मीटर उंच, वर गावदेवीचं देऊळ, आणि चहूबाजूंनी बिल्डिंगी इतक्या चिकटल्यात की आम्हाला हा शॉट एका गच्चीवरनं, वाळत घातलेल्या चादरींच्या मधनं घ्यावा लागला. हा लाव्हा. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधनं लाव्हा वर आला, थरावर थर बसले, घावनांची चवड लागावी तसे, आणि त्यातनं आपला दख्खनचा कातळ तयार झाला. जाड लाव्हा हळूहळू थंड होताना आकसला, तडकला, तडे खाली खाली गेले आणि असे बहुतेक पाच-सहा बाजूंचे खांब झाले.

ह्या कातळात सोनं औषधालाच आहे, अगदी शब्दशः, एका टनामागे काही मिलिग्रॅम. तेवढं कुठल्याही साध्या दगडात असतं. खाण व्हायला ते एका जागी गोळा व्हावं लागतं, टनाला निदान ग्रॅमच्या हिशोबात, म्हणजे कोणीतरी ते शेकडो पटींनी एकत्र आणून ठेवायला पाहिजे. जमिनीखाली हे काम करतं गरम पाणी. खोलवर, दोनशे-तीनशे अंशाच्या वरचं, गंधक मिसळलेलं पाणी खडकातलं सोनं विरघळवून भेगांमधनं वर नेतं, मग कुठेतरी दाब एकदम उतरतो, पाणी उकळतं किंवा बाजूच्या खडकाशी त्याची रिॲक्शन होते, आणि सोनं गारगोटीच्या शिरेत बसतं. सोबत चांदी असतेच. खाणीतनं शंभर नंबरी सोनं कधीच निघत नाही, आणि चांदी पाचव्या हिश्श्याच्या वर गेली की त्या फिकट पिवळ्या धातूला वेगळंच नाव आहे, इलेक्ट्रम.

मुंबईच्या लाव्ह्यातही गरम पाणी फिरलं, नाही असं नाही, पण त्यातनं बसलं काय तर झिओलाइट, कॅल्साइट, प्रेहनाइट असली खनिजं. कांदिवली-मालाडच्या दगडखाणीतले हिरवे प्रेहनाइटचे झुबके जगभरच्या म्युझियममध्ये गेलेत, दिसायला सुंदर, सोनाराच्या लेखी शून्य.

म्हणजे मुंबईत जे सोनं आहे ते सगळं बाहेरनं आलेलं. आपल्या देशात वर्षाला सातशे-आठशे टन सोनं आयात होतं आणि आपल्या खाणीतनं निघतं जेमतेम एक-दोन टन. मामाच्या घमेल्यात जो कण आहे तो आफ्रिकेतला असेल, पेरूमधला असेल, नाहीतर कोणाच्या तरी आजीच्या वितळवलेल्या पाटल्यांमधला.

[गटाराचं झाकण उघडताना, क्लोजअप]

इथनं पुढे खरी मजा आहे. कारखान्यात कारागीर कानस मारतो, तार ओढतो, घासतो, पॉलिश करतो, आणि प्रत्येक वेळी थोडं थोडं उडतं. सोनार त्याला घट म्हणतात, हिशोबात धरलेली असते. मांडीवर कातडं बांधतात, खाली जाळी असते, संध्याकाळी हात धुतलेलं पाणीसुद्धा पिंपात साठवतात. तरी केसात, शर्टाच्या शिवणीत, चपलेच्या तळव्यात चिकटून थोडं बाहेर जातंच, जिन्यात पडतं, जिन्यातनं गल्लीत, आणि पाण्याबरोबर गटारात.

आणि गटारात गेलं की ते नदीतल्या सोन्यासारखं वागायला लागतं. सोनं पाण्याच्या १९ पट जड, चांदी साडेदहा पट, आणि साधी वाळू अडीच-पावणेतीन पट. पाणी जोरात असेल तर वाळू वाहून जाते, सोनं जरा कुठे अडलं की तिथेच बसतं. नदीत ते वळणाच्या आतल्या बाजूला बसतं, मोठ्या दगडाच्या मागे, तळाच्या खाचांत. इथे कुठे? पायरीच्या पोटात. झाकणाच्या कडेखाली. पाइप जिथे किंचित वाकलाय तिथे. मामा हे कुठे शिकलेले नाहीत, पण आम्ही त्यांना विचारलं की ही गल्ली सोडून तीच का, तर त्यांनी बाटलीतलं पाणी रस्त्यावर ओतलं आणि म्हणाले, "बघा कुठे थांबतंय." ह्याच्यापेक्षा सोपं एक्सप्लोरेशन मी तरी बघितलेलं नाही.

आणि हसू नका, मोठ्या खाणीही अशाच सापडल्यात. कोलारला १८०२ साली जॉन वॉरन नावाचा ब्रिटिश फौजेतला अधिकारी सर्व्हेला गेला होता, त्याच्या कानावर गावातल्या सोन्याच्या गोष्टी आल्या, त्याने बक्षीस लावलं, आणि गावकऱ्यांनी गाडीभर माती आणून त्याच्यासमोर धुऊन दाखवली, तळाला पिवळे कण. म्हणजे शोध कोणी लावला? पुस्तकात नाव वॉरनचं. मग जवळजवळ सत्तर वर्षांनी मायकेल लॅव्हेल नावाच्या निवृत्त आयरिश सैनिकाने वॉरनने त्या सोन्यावर लिहिलेला जुना लेख वाचला, बैलगाडीने कोलार गाठलं, १८७३ च्या सुमाराला परवाना मिळवला, पैसे संपले, आणि १८८० मध्ये जॉन टेलर कंपनी आली. १९०२ ला कावेरीवरच्या शिवनसमुद्रमहून खाणीसाठी वीज आली. खाण तीन किलोमीटरच्या वर खोल गेली. २८ फेब्रुवारी २००१ ला बंद. हुट्टीचं तर त्याहून जुनं आहे, तिथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लोकांनी खडकावर जाळ करून, वर पाणी मारून, तडकवून खोदलेलं आहे, पार दोनशे मीटरच्या आसपास खोल, आणि आजची खाण त्याच जुन्या खड्ड्यांच्या मागावर आहे. त्या लोकांपैकी एकाचंही नाव कोणाला माहीत नाही.

[मामाची खोली, परातीवर कॅमेरा स्थिर]

हा शॉट पूर्ण चार मिनिटं होता, त्यातला सलग दीड मिनिट ठेवलाय. खोलगट लोखंडी पात्र, त्यात गाळ, पाणी, आणि मनगटाचा गोल झोका. वरचा चिखल काठावरनं जातो. परत पाणी. पुन्हा. आता राखाडी वाळू. आता फक्त काळी रेघ. ह्या काळ्या रेघेत लोखंडाचा कीस असतो, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक वरनं फिरवतात, लोखंड पिशवीला चिकटतं, पिशवी उलटी केली की झालं. मागे राहिलं ते चमकत नाही हं, सिनेमात दाखवतात तसं, मळकट दिसतं.

त्यात पारा. पारा सोनं-चांदी दोन्ही गिळतो आणि लोण्याच्या गोळ्यासारखा होतो, तो फडक्यात पिळायचा, मग जाळायचा, पारा उडून जातो. हा भाग दारातनं शूट केलाय, ती वाफ विषारी आहे, मामांचा हात थरथरतो आणि शेजारचे तेजाबाच्या धुराची तक्रार करतात.

आता तेजाब, म्हणजे नायट्रिक ॲसिड. इथे एक गंमत आहे जी मला केमिस्ट्रीच्या वर्गात कोणी सांगितली नव्हती. उरलेल्या गोळ्यात सोनं जास्त असेल तर मामा त्यात उलट अजून चांदी घालतात. काढायची तीच घालायची? हो, कारण सोनं जास्त असलं की तेजाब आत शिरतच नाही, सोनं चांदीला झाकून ठेवतं. सोनं एक भाग, चांदी तीन भाग असं वितळवून पातळ पत्रा केला की मग तेजाब आरपार जातं. तांबूस धूर येतो तो बघा. चांदी विरघळून पाण्यात गेली, तळाला सोनं.

आणि हे सोनं. विटकरी, तपकिरी, इन्स्टंट कॉफीसारखी भुकटी. आमच्या कॅमेरामनने विचारलं, "फसलं का?" मामा हसले. मुशीत टाकलं, वर चिमूटभर सवागी, म्हणजे बोरॅक्स, भात्याची हवा, आणि हजार अंशाच्या पुढे कधीतरी ती भुकटी एकदम गोळा होऊन मण्यासारखी फिरायला लागते. तो पिवळा रंग कॅमेऱ्याला नीट पकडता आला नाही, एक्स्पोजर गेला, तरी ठेवलाय.

चांदीचं पाणी अजून ग्लासात आहे, त्यात तांब्याची पट्टी सोडली, ह्याला म्युझिक लावलेलं नाही, नुसतं बघा. पट्टीवर राखाडी कापूस धरतोय, ती चांदी, आणि पाणी निळं निळं होत चाललंय, ते तांबं.

[जुना फोटो, मग रिकामा कारखाना]

मामांचे वडील सांगायचे की १९६३ नंतर गाळ फिका झाला. त्या वर्षी गोल्ड कंट्रोल आलं, १४ कॅरेटच्या वरचा दागिना घडवायला बंदी, म्हणजे कानशीच्या किसातच सोनं निम्म्याच्या थोडंच वर. देशभर सोनारांची चूल बंद पडायची वेळ आली, झारेकऱ्यांना कोण विचारतो. पुढे १९६८ चा कायदा, तो १९९० ला रद्द झाला. खाणीचा दर्जा खडकावर ठरतो म्हणतात, इथे दिल्लीतनं ठरला.

हा रिकामा माळा बघताय तो परवापर्यंत कारखाना होता. कारखाना उठला की जमिनीच्या लाकडी फळ्यांची बोली लागते, घेणारा फळ्या जाळतो, राख धुतो. अशी बोली आता वरचेवर लागते कारण कारखाने उठतायत, हिरेवाले २०१० पासून बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्सला गेले, दागिन्यांच्या कारखान्यांसाठी नवी मुंबईत महापेला पार्क होतोय, आणि नव्या जागेत कणन्‌कण ओढून घेणारी मशीन असतात. स्वच्छ, सुरक्षित, सगळं मान्य. गल्लीत मात्र काही पडणार नाही. चारशे स्क्वेअर फुटात बारा कारागीर आणि खाली धुऊन खाणारा एक, ही साखळी कुठल्याच पार्कच्या नकाशात नाहीये.

[काटा, मग दुकानाचं शटर वर जाताना]

मणी काट्यावर. घमेल्यामागे किती सुटलं हे बाजारात विचारायचं नसतं, म्हणून आकडा ब्लर केलाय. मामा तो मणी कागदाच्या पुडीत बांधून दोन दुकानं सोडून असलेल्या गाळणीवाल्याला, म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करणाऱ्याला विकतात, त्याच्याकडनं ते सोनं परत वरच्या माळ्यावरच्या कारखान्यात.

साडेनऊ. गल्लीत आता पाय ठेवायला जागा नाही, ब्रश आणि सुपली पिशवीत गेली. आम्ही विचारलं परत शूट करायला कधी येऊ. म्हणाले पहिल्या पावसाला या, वर्षभर जिन्यात अडकलेलं त्या दिवशी खाली येतं, आणि छत्री नको, गमबूट आणा.