भाकरीआधीचे नऊ महिने

ज्वारीची कडक भाकरी मोडताना होणारा आवाज सोलापुरात वाढलेल्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. पडद्यावर दिसणाऱ्या या निवृत्त शिक्षिका मात्र गेली सहा वर्षे ती आमटीत भिजवून, एकाच बाजूने चावून खात आहेत, कारण खालच्या जबड्यातील त्यांच्या उजवीकडच्या दोन दाढा किडल्यामुळे काढाव्या लागल्या आणि ती जागा रिकामीच राहिली. इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम दाढेला आधार देणारा टायटॅनियमचा स्क्रू, जबड्याच्या हाडात बसवून घेण्यासाठी त्या दवाखान्यात आल्या, तेव्हा सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचे त्रिमितीय एक्स-रे चित्र, पाहून डॉक्टरांनी सांगितले की, स्क्रू धरून ठेवण्याइतके हाडच तेथे उरलेले नाही.

दाताभोवतीचे हाड दातामुळेच टिकते. दात निघाल्यावर पहिल्या वर्षभरात त्याची रुंदी जवळजवळ निम्म्याने घटू शकते, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या 3 महिन्यांतच होते; गालाकडची भिंत बहुधा पातळ असल्याने तीच आधी ढासळते. म्हणूनच दात काढण्यापूर्वीच, त्या खड्ड्यात लगेच ग्राफ्ट, म्हणजे हाड किंवा हाडासारखे कण, भरून हाड राखता येईल का, हे डॉक्टरांना विचारायला हवे. सहा वर्षांपूर्वी बाईंना हे कोणीही सांगितले नव्हते, याची हळहळ चित्रीकरणाच्या वेळी आम्हाला सतत वाटत राहिली.

टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, हे स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना 1950च्या दशकात सशांवरील प्रयोगांत आढळले आणि 1965 साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. परंतु एकजीव होण्यासाठी भोवती पुरेसे जिवंत हाड लागते. 4 मिलिमीटर व्यासाच्या इम्प्लांटला दोन्ही बाजूंनी किमान एक ते दीड मिलिमीटर हाड हवे असते, आणि बाईंच्या जबड्याची तेथील एकूण रुंदीच 4 मिलिमीटर भरली.

ही उणीव ग्राफ्टने भरून काढतात. त्यासाठी रुग्णाच्याच जबड्यातील हाड, मानवी दात्याचे किंवा गाईच्या हाडापासून तयार केलेले कण, अथवा कॅल्शियम फॉस्फेटचे कृत्रिम कण वापरले जातात. ते कशापासून बनले आहेत, हे रुग्णाला आधी स्पष्ट सांगितलेच पाहिजे. शुद्ध शाकाहारी असलेल्या बाईंनी हे कळल्यावर कृत्रिम कण निवडले आणि त्यांवर घालायचा पडदाही प्राणिज नसावा, असा आग्रह धरला. हा पडदा फार महत्त्वाचा असतो, कारण हिरडीच्या पेशी हाडाच्या पेशींपेक्षा झपाट्याने वाढतात आणि आडोसा नसेल तर मोकळी जागा त्याच व्यापून टाकतात.

शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांनी दोन अटी घातल्या. रक्तातील साखर आटोक्यात आणायची आणि लहानपणापासूनची मिश्री बंद करायची. मिश्री ही भाजलेली तंबाखूच असून तिच्यातील निकोटिनमुळे हिरडीच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आणि रक्तपुरवठ्यावाचून ग्राफ्टमध्ये नवे हाड तयार होत नाही. विड्या वळणाऱ्या हजारो हातांच्या या शहरात ही अट पाळणे किती कठीण आहे, हे बाईंच्या बोलण्यातून जाणवते. पहिले पंधरा दिवस सकाळी डोके जड होई, म्हणून त्या अंगणात फेऱ्या मारत.

ग्राफ्टनंतर पाच महिन्यांनी केलेल्या स्कॅनमध्ये रुंदी 7 मिलिमीटर दिसली. तरीही काम पूर्ण झाले नव्हते. इम्प्लांटभोवती घट्ट, न हलणारी हिरडी सुमारे 2 मिलिमीटर तरी असावी लागते. ती सैल असेल तर ब्रश लागताच दुखते, तेथील स्वच्छता टाळली जाते आणि सूज हळूहळू हाडापर्यंत पोहोचते. म्हणून टाळूवरून हिरडीचा एक पातळ तुकडा घेऊन तो या जागी शिवण्यात आला. टाळूची जखम भरेपर्यंत बाईंनी मऊ भात आणि गार ताक घेतले.

काल दोन्ही इम्प्लांट बसवले गेले. हाडाने ते धरून ठेवेपर्यंत आणखी तीन महिने जातील, आणि त्यानंतरच त्यांवर दाढा चढवल्या जातील. कडक भाकऱ्यांची चळत स्वयंपाकघरात झाकून ठेवलेली आहे. आज बाईंनी त्यातली एक मोडून नातवाच्या ताटात वाढली.