मतदानानंतरचे सहा दिवस

श्रोतेहो, नमस्कार. निवडणूक जवळ आली की सरकारचा हात सैल सुटतो, हे आपण जाणताच. पगार वाढतात, रखडलेली कामे एकदम निघतात आणि दरवाढ तेवढी मतदानानंतरवर ढकलली जाते. परंतु हा सैलपणा मुख्यतः नव्या लोकशाहीतल्या पहिल्या काही निवडणुकांत दिसतो, असे आडी ब्रेंडर आणि अ‍ॅलन ड्रेझन या अर्थशास्त्रज्ञांनी ६८ लोकशाही देशांचे हिशेब तपासून २००५ साली मांडले. पहिल्या काही निवडणुकांत, हे शब्द कृपया लक्षात असू द्यावेत.

आता ब्राझीलची गोष्ट ऐका, जी सांगण्याचा मोह मला कधीच आवरत नाही. २१ वर्षांची लष्करी राजवट १९८५ मध्ये संपली आणि पुढच्याच फेब्रुवारीत अध्यक्ष जोझे सार्नेय यांनी क्रुझादो हे नवे चलन आणून सर्व किमती गोठवल्या, वर पगारही वाढवले. महागाई थांबली. लोक इतके हरखले की ‘मी सार्नेय यांचा निरीक्षक’ असे बिल्ले छातीवर लावून दुकानादुकानांतून किमती तपासत फिरू लागले. पण त्या किमतीत विकणे परवडेना, तेव्हा मांस बाजारातून नाहीसे झाले आणि सरकारने गुरे जप्त करण्यासाठी पोलीस थेट कुरणांवर धाडले! वीज आणि टेलिफोनचे दरही गोठलेलेच होते, त्यामुळे सरकारी कंपन्यांचा तोटा तिजोरीवर चढत गेला. दुरुस्ती करावी लागणार हे अर्थखात्याला ठाऊक होते, पण १५ नोव्हेंबरला मतदान होते. सत्ताधारी पीएमडीबी पक्षाने २३ पैकी २२ गव्हर्नरपदे जिंकली आणि सहाव्या दिवशी, होय, सहाव्याच दिवशी, पेट्रोल ६० टक्क्यांनी, तर मोटारी ८० टक्क्यांनी महागल्या.

मतदार भोळे होते, असे मी म्हणणार नाही. सरकारच्या खर्चाची पूर्वीच्या निवडणूक वर्षांशी तुलना करायला त्यांच्यापाशी तशी वर्षेच नव्हती. (अंदाजपत्रक हाती आले की मी प्रत्यक्ष खर्चाचा रकाना आधी वाचतो, भाषणावर एवढी शाई का खर्ची पडते, हे मला उमगलेले नाही.)

ते २२ गव्हर्नर मार्च १९८७ मध्ये पदावर आले, तेव्हा ब्राझीलने परदेशी बँकांचे व्याज थांबवून तीन आठवडे उलटले होते.