बेरोजगारी भत्त्याची अपिलं ऐकणारा अधिकारी व्हायचंय? आधी प्रश्न विचारायला शिका

नमस्कार. अमेरिकेत नोकरी गेली की माणूस आपल्या राज्याकडे बेरोजगारी भत्त्यासाठी अर्ज करतो. खात्यातला कर्मचारी दोन्ही बाजूंकडून माहिती घेतो आणि मंजूर किंवा नामंजूर असं पत्र पाठवतो. ते पत्र ज्याला मान्य नाही तो अपिलात जातो. बऱ्याचदा कामगार जातो, कधी कंपनी जाते. मग एक अधिकारी दोघांना शपथ देऊन ऐकतो आणि लेखी निकाल देतो. त्या अधिकाऱ्याचं काम नेमकं काय असतं आणि तिथपर्यंत पोचायचं कसं, ते आज बघू.

पदाचं नाव राज्यागणिक बदलतं. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लॉ जज, फ्लोरिडा आणि पेनसिल्व्हेनियात रेफरी, टेक्ससमध्ये हिअरिंग ऑफिसर, मॅसॅच्युसेट्समध्ये रिव्ह्यू एक्झामिनर. नोकरीच्या जाहिराती शोधताना ही सगळी नावं टाकून बघा, नाहीतर निम्म्या जागा दिसणारच नाहीत. आज मी सरळ ‘सुनावणी अधिकारी’ म्हणेन.

नावं वेगळी असली तरी पाया एकच आहे. १९३५च्या सोशल सिक्युरिटी ॲक्टमध्ये केंद्र सरकारने राज्यांना अट घातली: भत्ता नाकारलेल्या प्रत्येकाला निःपक्षपाती न्यायाधिकरणापुढे बाजू मांडायची संधी द्या, तरच भत्त्याची यंत्रणा चालवायला पैसे मिळतील. बाकीचे तपशील राज्यांवर सोडले. अपिलाची मुदतच घ्या ना. मॅसॅच्युसेट्समध्ये १० दिवस, टेक्ससमध्ये १४, फ्लोरिडात २०, पेनसिल्व्हेनियात २१ आणि कॅलिफोर्नियात ३०.

[पडद्यावर: पाच राज्यं आणि मुदती]

म्हणून फाइल उघडल्यावर पहिली नजर तारखांवर जाते. पत्र कधी पाठवलं, अपील कधी आलं? उशीर झाला असेल तर आधी विलंब माफ करण्याजोगं कारण आहे का, ते ठरवावं लागतं. ते न ठरवता मूळ वादावर निकाल लिहिला, तर वरचं अपील मंडळ, म्हणजे तुमच्या निकालावरचं अपील जिथे जातं ते, तो निकाल परत पाठवू शकतं.

आता पात्रता. कॅलिफोर्नियात वकिलीची सनद लागते. फ्लोरिडाच्या कायद्यात तर स्पष्ट लिहिलंय की रेफरी हा फ्लोरिडा बारचा, म्हणजे तिथल्या वकिलांच्या संघटनेचा, सदस्य हवा, किंवा नेमणुकीपासून ८ महिन्यांत तो सदस्य झाला पाहिजे. काही राज्यांत मात्र वकील असण्याची सक्ती नाही. तिथे पदवी आणि संबंधित कामाचा अनुभव चालतो. भत्त्याच्या खात्यात पहिल्या पायरीवर दावे तपासणारे कर्मचारी पुढे सुनावणी अधिकारी होतात ते अशाच राज्यांत. माझ्या मते हा रस्ता चांगला आहे, कारण तिथे रोज लोकांकडून माहिती काढून घेण्याचा सराव होतो.

महाराष्ट्रातून एलएलबी करून तिकडे गेलेल्या अनेकांना वाटतं की आपली पदवी आता कपाटात ठेवायची. तसं नाही. भारतात सनद घेतलेल्या वकिलाला कॅलिफोर्नियाची बार परीक्षा पुन्हा कायद्याचं शिक्षण न घेता देता येते. न्यूयॉर्कमध्येही परदेशी कायदा पदवीधरांना परीक्षेला बसता येतं, पण तिथे अभ्यासक्रमाचा कालावधी आणि विषय तपासले जातात, आणि काहींना तिथल्या विद्यापीठातून एलएलएम करावं लागतं. काम करण्याचा परवाना आणि त्या राज्याच्या नोकरीतल्या नागरिकत्वाच्या अटी हा भाग वेगळा. तो जाहिरातीत नीट वाचून घ्या.

एवढं झालं की खरी गोष्ट सुरू होते, आणि ती म्हणजे प्रश्न विचारणं. या सुनावण्यांत बहुतेक वेळा दोन्हीकडे वकील नसतो. एका टोकाला नुकतीच नोकरी गेलेला माणूस, दुसऱ्या टोकाला कंपनीच्या मनुष्यबळ विभागातलं कोणीतरी, आणि सुनावणी बऱ्याचदा फोनवर. काय सिद्ध करायचंय हे दोघांनाही ठाऊक नसतं. तुम्ही नुसते ऐकत बसलात, तर तासभर तक्रारी ऐकाल आणि निकाल लिहायला बसल्यावर हाती एकही तारीख नसेल.

रेकॉर्डिंग सुरू झालं की आधी केस क्रमांक, तारीख, कोण कोण हजर आहे आणि आज कोणता मुद्दा ठरवायचा आहे हे सांगा. फोनवर असाल तर विचारा: खोलीत आणखी कोणी आहे का? समोर कुठले कागद आहेत? ते कागद दुसऱ्या बाजूला मिळालेत का? मग शपथ द्या.

आधी कोणाला बोलावायचं हे शाबितीची जबाबदारी कोणावर आहे त्यावरून ठरतं. कामावरून काढलं असेल तर गैरवर्तन कंपनीने सिद्ध करायचं असतं, म्हणून कंपनी आधी. स्वतःहून नोकरी सोडली असेल तर सबळ कारण कामगाराने दाखवायचं, म्हणून कामगार आधी. कसोटी फौजदारी खटल्यासारखी कडक नाही. जी बाजू जास्त संभवनीय वाटते, ती मान्य करायची.

कंपनी म्हणते, “तो नेहमी उशिरा यायचा.” या वाक्यावर कुठलाच निकाल उभा राहत नाही. शेवटच्या प्रसंगावर या. कोणत्या तारखेला? कामाची वेळ काय होती, तो किती वाजता आला? उशिराचं कारण त्याने सांगितलं का? आधीची ताकीद लेखी होती की तोंडी, कधीची, आणि पुन्हा उशीर झाल्यास नोकरी जाईल असं त्यात होतं का? काढायचा निर्णय कोणी घेतला, आणि ती व्यक्ती आज फोनवर आहे का?

हा शेवटचा प्रश्न नवे अधिकारी हमखास विसरतात. कंपनी अनेकदा असा प्रतिनिधी पाठवते, ज्याने स्वतः काहीच पाहिलेलं नसतं. तो फाइल वाचून दाखवतो. असा ऐकीव पुरावा इथे घेता येतो, पण समोर कामगार स्वतः पाहिलेलं, स्वतः केलेलं शपथेवर सांगत असेल तर त्या सांगण्याचं वजन सहसा जास्त पडतं. म्हणून प्रत्येक साक्षीदाराला विचारा: हे तुम्ही पाहिलंत, की कोणी सांगितलं?

नोकरी सोडल्याच्या केसमध्ये प्रश्नांचा रोख वेगळा. “बॉस त्रास द्यायचा.” काय म्हणाला, नेमके शब्द काय होते? किती वेळा? वरच्या कोणाकडे तक्रार केली का? बदली किंवा रजा मागितली का? ज्या दिवशी राजीनामा दिला, त्याच दिवशी का दिला? नोकरी टिकवायची इच्छा असलेल्या समंजस माणसाने जे केलं असतं ते याने करून पाहिलं का, हे शोधायचं असतं.

उलटतपासणीची वेळ आली की लोक प्रश्न विचारत नाहीत, भांडायला लागतात. “हा खोटं बोलतोय, मी फोन केला होता!” इथे रागावू नका. त्या वाक्यातला प्रश्न तुम्ही काढा आणि साक्षीदाराला विचारा: “त्या दिवशी सकाळी यांचा फोन आला होता का?” त्या माणसाचा हक्कही राखला जातो आणि रेकॉर्डवर कामाचं उत्तर येतं.

कायद्यात एक गोष्ट पक्की डोक्यात हवी. वाईट कामगिरी म्हणजे गैरवर्तन नव्हे. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४१मध्ये बॉयंटन कॅब कंपनीच्या खटल्यात जी व्याख्या केली, तिच्या आधारावर अनेक राज्यं आजही चालतात. मालकाच्या हिताकडे जाणूनबुजून केलेलं दुर्लक्ष म्हणजे गैरवर्तन. कामात कमी पडणं, एखाद्या वेळची साधी हयगय, प्रामाणिकपणे घेतलेला पण चुकलेला निर्णय हे त्यात बसत नाही. कंपनीने काढलं ते तिच्या दृष्टीने योग्यही असू शकतं, तरी भत्ता मिळू शकतो. हा फरक निकालपत्रात कंपनीला समजेल अशा भाषेत लिहिणं हे तुमचं काम आहे.

काही गोष्टी मात्र अजिबात करायच्या नाहीत. कंपनीची वेबसाइट उघडून स्वतः शोध घेऊ नका; दोन्ही बाजूंना जे दाखवलं नाही त्यावर निकाल देता येत नाही. एका बाजूशी दुसरीच्या गैरहजेरीत केसबद्दल बोलू नका. नोटिशीत नसलेला मुद्दा अचानक ठरवू नका. तो निघालाच तर दोघांना तसं सांगा, आणि त्यांची तयारी नसेल तर सुनावणी तहकूब करा. आणि साक्षीदार मराठी असेल, दुभाषी बसलेला असेल, तर तुम्हाला मराठी येतं म्हणून मध्ये पडून भाषांतर करू नका. रेकॉर्डवर दुभाष्याचेच शब्द राहिले पाहिजेत. भाषांतर चुकतंय असं वाटलं तर तोच प्रश्न पुन्हा, सोपा करून विचारा.

एच-वन-बी व्हिसावरच्या मंडळींच्या केसमध्ये वेगळाच मुद्दा निघतो. भत्त्यासाठी माणूस काम करायला मोकळा असावा लागतो, आणि त्या व्हिसाची परवानगी एका ठरावीक कंपनीशी बांधलेली असते. त्यामुळे नोकरी गेल्यावर ते बहुधा अपात्र ठरतात. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नसते. निर्णय गृहीत धरू नका, कागद मागवा.

आता निकालपत्र. सगळ्यात जास्त दिसणारी चूक अशी: “कामगार म्हणाली की तिने फोन केला. मॅनेजर म्हणाले की फोन आला नाही.” हे साक्षीचं टिपण झालं. त्यात काहीच ठरलेलं नाही. असं लिहा: “३ मार्चला सकाळी ६:४० वाजता तिने मॅनेजरला फोन करून मुलगा आजारी असल्याचं कळवलं.” आणि पुढे कारण: तिची साक्ष प्रत्यक्षदर्शी आहे, फोनची नोंद तिच्याशी जुळते, आणि कंपनीतर्फे जे बोलले ते त्या सकाळी कामावर नव्हते. “ती विश्वासार्ह वाटली” एवढंच लिहिलं तर वरच्या मंडळाला तुमचा निकाल तपासता येत नाही.

हे सगळं घड्याळाशी झगडत करायचं असतं. केंद्राचा निकष आहे की पहिल्या पातळीवरच्या अपिलांपैकी किमान ६० टक्क्यांचा निकाल अपील दाखल झाल्यापासून ३० दिवसांत आणि ८० टक्क्यांचा ४५ दिवसांत लागला पाहिजे. घाई उगाच नाही. समोरच्या माणसाचं घरभाडं थकलेलं असू शकतं. उलट बाजूही आहे: भत्ता मंजूर झाल्यावर कंपनीने अपील केलं, म्हणून राज्याला तो थांबवता येत नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१मध्ये जावा खटल्यात ठरवलं. पण निकाल जितका लांबेल आणि शेवटी कंपनीच्या बाजूने जाईल, तितकी कामगाराच्या डोक्यावर परतफेडीची रक्कम वाढू शकते.

तयारीला आजच बसायचं असेल तर न्यूयॉर्कच्या अपील मंडळाचे निकाल आणि कॅलिफोर्नियाचे पायंडा ठरलेले निकाल ऑनलाइन मोफत वाचता येतात. एक निकाल घ्या, फक्त तथ्यांचा भाग वाचा, खालचं झाका. आपला निष्कर्ष आणि त्याची कारणं एका पानात लिहा, मग मंडळाने काय लिहिलंय ते बघा. असे दहा-बारा झाले की कुठल्या प्रश्नाच्या उत्तरावर केस फिरते ते दिसायला लागतं. त्यातलं सगळ्यात चांगलं पान राखून ठेवा, नावं काढून टाका. या पदांच्या निवडीत लेखनाचा नमुना मागितला जातो तेव्हा ते कामी येईल.