एका फोटोचा एक रुपया

(दृश्य : टेबलावर कॅमेरा, हात)

हा स्पीड ग्राफिक. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला याच जातीचा कॅमेरा वापरायच्या. मागे होल्डर बसतो, त्यात फिल्मच्या दोनच शीट; पुढे एक, मागे एक. फोटो काढला की काळी पट्टी सरकवून शीट झाकायची. होल्डर काढून उलटा बसवायचा. शटर पुन्हा ताणायचं. फ्लॅशचा बल्ब एकदाच पेटतो, तो काढून नवा लावायचा, आणि काढताना बोटं भाजतात. एवढं होईपर्यंत समोरचे पुढारी हात मिळवून पुढे गेलेले असतात. म्हणून आधी नुसतं बघायचं आणि योग्य क्षणी एकदाच दाबायचं. स्टिल फोटोग्राफी म्हणजे हे बघणं.

(दृश्य : जुनी मुंबई)

१९१३ साली नवसारीत होमाईबाईंचा जन्म, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. सुरुवातीला ‘बॉम्बे क्रॉनिकल’ हे वृत्तपत्र त्यांच्या एका फोटोचा एक रुपया देई. फोटो छापून यायचा मात्र पती माणेकशा यांच्या नावाने! माणेकशा स्वतः फोटोग्राफर. पुढेही डार्करूमची, म्हणजे अंधाऱ्या खोलीत फिल्म धुऊन फोटो छापायची बाजू त्यांनीच सांभाळली. १९४२ मध्ये दोघं दिल्लीला गेले. ब्रिटिश माहिती खात्यात पगाराची नोकरी आणि बाहेरचं काम करायची मुभा, यावर घर चाललं आणि कॅमेराही. हा हिशोब जमला नसता तर पुढचे फोटो आपल्याला दिसलेच नसते.

(दृश्य : फोटो, एकेक)

जून १९४७. फाळणीच्या ठरावावर वर झालेले काँग्रेस सदस्यांचे हात.

पालम विमानतळ. बहिणीची, विजयालक्ष्मी पंडितांची वाट बघणारे नेहरू. शेजारी पाटी : फोटो काढण्यास सक्त मनाई. पाटी आणि पंतप्रधान एकाच चौकटीत पकडायला नजर लागते. असे फोटो आज मोबाइलवरून फिरतात, खाली होमाईबाईंचं नाव नसतं. ते असायलाच हवं.

(दृश्य : साडीतल्या होमाईबाई, कॅमेऱ्यासह)

साडी नेसून, अवजड सामान घेऊन त्या दिल्लीत सायकलवरून कामाला जात. भोवती सगळे पुरुष फोटोग्राफर.

१९६९ मध्ये माणेकशा गेले. नव्या फोटोग्राफरांचं वागणं होमाईबाईंना रुचेना. १९७० मध्ये त्यांनी काम थांबवलं. पद्मविभूषण मिळालं २०११ मध्ये. पुढच्या जानेवारीत, बडोद्यात, त्या गेल्या. त्यांचे फोटो दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशन या कलासंस्थेकडे आहेत.