तांब्यावरचा रुमाल, पत्रिकेवरची लेस

हा रुमाल सहा इंचांचा. पांढऱ्या दोऱ्याचा, क्रोशानं विणलेला, कडेला मणी ओवलेला. पाण्याच्या तांब्यावर झाकायचा. असे चार-दोन रुमाल बऱ्याच मराठी घरांत कपाटाच्या तळाशी सापडतील. ठाण्यात नौपाड्यातल्या या घरात तो आज स्कॅनरवर चढतोय. संक्रांतीच्या हळदीकुंकवाची आमंत्रणं घरीच बनवायची आहेत, आणि सुनेला त्यावर लेस हवी आहे. सासूबाईंची अट एकच : "रुमालाला कात्री लावायची नाही हं."

तशी जांभळी नाक्याच्या बाजारात लेस मीटरवर मिळते. पण खरी लेस कार्डावर लावली की जाळीतून गोंद वर येतो आणि वाळल्यावर चकाकतो. शिवाय कार्ड फुगतं, पाकिटात धड बसत नाही. लेसचं चित्र छापलं की ही कटकट मिटते. रुमालही शाबूत राहतो.

स्कॅन करण्याआधी रुमालाला पातळ खळ आणि इस्त्री. मुरगळलेला खांब, म्हणजे क्रोशाचा उभा टाका, स्कॅनमध्ये लपत नाही. स्कॅनरच्या झाकणाची आतली बाजू पांढरी असते, तिच्यावर पांढरा दोरा हरवतो, म्हणून रुमालावर काळा कार्डपेपर ठेवायचा. मण्यांमुळे झाकण पुरतं बसत नाही; फटीतून उजेड शिरतो आणि कडा धुरकट येतात. वरून जाड टॉवेल टाकला की काम भागतं.

आता पडद्यावर पाहा. साखळी, खांब, मुका खांब (म्हणजे आखूड टाका), पुन्हा साखळी. दोऱ्याचा पीळसुद्धा दिसतोय. सासूबाई चष्मा सारखा करत पुढे वाकतात. "अगं, इथे एक खांब कमी पडलाय की!" सून तो क्षणात भरून काढू शकते, शेजारचा खांब उचलून तिथे ठेवायचा. ती तसं करत नाही. माझ्या मते बरंच करते.

खरी गंमत छपाईत आहे. घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसतेच. काळ्या कागदावर पांढरी लेस छापायला गेलात, तर कागद कोराच बाहेर येतो. त्यामुळे उलटं करावं लागतं : कागद पांढरा घ्यायचा, भोवतालचा काळा रंग छापायचा, आणि लेसची जागा मोकळी सोडायची. संक्रांतीला काळा रंग चालतो, नव्हे, तोच हवा असतो. चंद्रकळेवर हलव्याचे दागिने उठून दिसावेत तशी ही जाळी दिसते, आणि तिथे शाईचा थेंबही नसतो.

ही युक्ती छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. 1830 च्या दशकात इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी चांदीच्या क्षारांनी प्रकाशसंवेदी केलेल्या कागदावर लेसचा तुकडा ठेवून तो उन्हात धरला. उजेड लागला तिथे कागद काळवंडला, दोऱ्याखाली पांढरा राहिला. नक्कल बरी उतरली आहे का, असं त्यांनी थोड्या अंतरावरून लोकांना विचारलं, तर ते म्हणाले, आम्हाला फसवू नका, ही तर खरी लेस आहे! टॅलबट यांनी हा किस्सा 1839 मध्ये स्वतःच लिहून ठेवला आहे.

पुन्हा ठाण्यात येऊ. एवढा काळा रंग घरच्या इंकजेटवर छापला तर कागद ओला होऊन वाकतो. म्हणून फाइल डिजिटल प्रिंटच्या दुकानात जाते. तिथे 12 बाय 18 इंचांचा, 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) जाड कागद. एका कागदात घडीची चार कार्डं बसतात. घडी घालण्याआधी पट्टी लावून बोथट टोकानं रेघ ओढायची, नाहीतर घडीवर टोनर, म्हणजे दुकानातल्या यंत्राची कोरडी शाई, तडकतो आणि काळ्यावर पांढरी भेग दिसते. काही कार्डांवर लेसची कड कटरनं कापून, खाली फोमची टेप लावून उचलली आहे. मुका खांब कापताना मात्र सुनेचा श्वास रोखलेला असतो.

घरात रुमाल नसेल, तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं 2017 पासून स्वामित्वहक्क नसलेल्या वस्तूंची चित्रं सर्वांसाठी मोफत खुली केली आहेत. त्यांत जुन्या युरोपीय लेसही आहेत. बाकी नेटवर दिसेल ती लेस उचलून विकायच्या कार्डावर छापू नये. तिच्या अटी आधी वाचाव्यात.

आता घरात चर्चा गणपतीच्या मखराची आहे. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 मध्ये बंदी आली, तेव्हापासून यांचं मखर कागदाचं असतं. हाच रुमाल मूर्तीमागे तीन फुटांचा करता येईल का, असं सासूबाई विचारतात. सून हिशोब मांडते. स्कॅन 600 डीपीआयचा, म्हणजे इंचाला 600 ठिपके, सहा इंचांत 3600. तीन फुटांवर पसरले तर इंचाला 100. हातात घ्यायच्या कार्डाला ते कमी पडतील. त्याला 300 लागतात. दर्शन घेणारा चार पावलं लांब उभा असतो, त्याला 100 पुरतात.

"मग तो राहिलेला खांबही तेवढाच मोठा दिसणार," सासूबाई म्हणतात. "तेवढा भर बाई."